झिपरी खारीची बोरं

फार मागे एकदा डोंगरापलीकडचं रान वणव्यात जळालं आणि सशांची पिल्लं उपाशी राहिली. झिपरी खार त्यांच्यासाठी बोरं घेऊन निघाली.

नदीवर पाणमांजरानं अडवलं. "धुतल्याशिवाय पुढे नाही." तिनं बोरं धुतली.

खिंडीत साळिंदर म्हणालं, "ओली सडतात. वाळव." तिनं वाळवली.

रानाच्या तोंडाशी वानर म्हणाला, "सुकलेली? आमच्याकडे ताजीच चालतात."

झिपरी गोंधळली. "मग चांगलं बोर कोणतं, दादा?"

वानरानं पाणमांजराला आणि साळिंदराला बोलावलं. तिघं वाद घालत बसली. रानात वाट पाहणारी पिल्लं रडू लागली, तसं झिपरीनं एक बोर फोडलं. आत अळी होती.

बोर आतून कोणीच पाहिलं नव्हतं. तिघं उरलेली बोरं फोडायला बसली.