पोपटांचं खुंटाळं

फार मागे कधीतरी इनायत कबाबवाल्याने चिमटा आणि सळ्या टांगायला शेगडीवरच्या भिंतीवर लाकडी खुंटाळं बनवून लावलं. हौसेने त्यावर पोपट कोरले.

काम संपवून चिमटा टेकायला आला, तर खुंटाळं खेकसलं, "आधी काजळी पुसून ये! माझे पोपट काळे होतील."

"रोज विस्तवात हात घालतो, काजळी कुठे जाणार?" म्हणत चिमटा खालीच निजला. सळ्याही त्याच्याजवळ गेल्या. खाली गप्पा रंगत, वर खुंटाळं एकटंच चकाकत राही. "या ना," म्हणायला मात्र त्याची जीभ रेटेना.

एकदा कोळसा भिजला. "नाहीतरी हे रिकामंच असतं," म्हणत इनायतने खुंटाळं मोडून शेगडीत घातलं.

पोपटाचा जळता तुकडा चिमट्याने अलगद उचलला.

"थोडा वेळ धरून ठेव," खुंटाळं म्हणालं.