पालथी हलगी

निंबवणे गावाच्या वरच्या अंगाला तळ्याचा जुना बांध आहे आणि त्याला मधोमध मोठे खिंडार पडलेले आहे. पाहुणे विचारतात, हे बुजवले का नाही? आणि चावडीपुढच्या चौथऱ्यावर ही दगडात कोरलेली पालथी हलगी कशाला? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे आणि ते ऐकायला गोड नाही.

फार पूर्वी गावची सभा याच चौथऱ्यावर भरायची, असे सांगतात. वरची आळी आणि खालची आळी यांच्यातून विस्तव जात नसे. समोरच्याचे बोलणे बुडवायला दोन्ही बाजू आपापले हलगीवाले आणून बसवत. त्याने तोंड उघडले की हलगी कडाडलीच. ज्याची हलगी जास्त वेळ टिकली, त्याची बाजू खरी. हसू नका. मोठाल्या सभागृहांत आज बाके बडवतात, तेव्हा इथे हलगी होती, एवढाच काय तो फरक.

वरच्या आळीचा हलगीवाला होता सावळा. राहायला मात्र तो खाली, बांधाच्या पायथ्याशी. घरी बायको गजरा आणि तान्ही लेक. म्हातारा बाप लखबा तळ्याचा राखणदार. बांधाला काही झाले की लखबाने हलगीवर थांबून थांबून ठोका द्यायचा आणि खालच्यांनी लेकरे उचलून टेकाडावर पळायचे, ही गावाची रीत. तो ठोका सावळा लहानपणापासून ओळखत होता.

त्या श्रावणात तळे काठोकाठ भरले. सभा बांधासाठीच बोलावली होती. दुरुस्तीचे काम दुसरा आपल्याच माथी मारणार, अशी दोन्ही आळ्यांची खात्री. पुरुष सगळे चौथऱ्यावर, बायका-मुले घरी. खालच्या आळीचा हैबती चौगुला उठला, तशी वरच्या आळीच्या रायाजी पाटलाने खूण केली आणि सावळ्याने हलगी घुमवली. मग पाटील उठला, तर खालच्यांची हलगी. सकाळपासून हेच चालले होते, म्हणे.

दुपारी वाजवता वाजवता सावळ्याचा हात अडखळला. कुठूनसा लांबचा ठोका कानावर आला होता. भास असेल, थांबलो तर पाटील फाडून खाईल, म्हणून तो वाजवत राहिला. पुन्हा तोच ठोका आला. हा बापाचाच, हे ओळखून त्याने हात थांबवला.

"का रं थांबलास? वाजीव!" पाटील ओरडला.

"बा वाजवतोय जी, बांधावर! आयका जरा!"

पण पाटलाची हलगी थांबलेली पाहून खालच्यांना वाटले, जिंकलो. त्यांनी असा गलका केला की सावळ्याचे शब्द शेजारच्यालाही ऐकू गेले नाहीत. खाली बायकांनी तो ठोका ऐकला होता. पण सकाळपासून त्या हलग्याच ऐकत होत्या. सभेतलेच काही असेल म्हणून कोणी चुलीपुढून उठले नाही.

सावळा धावत सुटला. तो उतारावर पोचला तेव्हा बांध फुटून पाणी खालच्या आळीत शिरले होते. लखबा बांध सोडून पळाला नाही, पाण्याने ओढून नेईपर्यंत तो वाजवत होता. गजरा आणि लेक दुसऱ्या दिवशी बाभळींच्या जाळीत सापडल्या.

चिता विझल्या न विझल्या तोच सभा भरली. दोष कोणाचा, यावर पुन्हा तीच आरडाओरड. तेव्हा सावळा आला. चिखलातून काढलेली बापाची हलगी त्याने मधोमध पालथी ठेवली आणि पाटलापुढे उभा राहिला.

"त्या दिशी चौगुला काय सांगत व्हता, त्ये आदी सांगा. मग तुमचं बोला."

पाटील त्या हलगीपुढे खाली बसला. मग म्हणाला, "मला ठावं न्हाई. आयकूच आलं न्हाई."

चौगुल्यालाही पाटलाचे काही सांगता येईना. शेवटी ज्याने त्याने आपले सांगितले. बांधाला चीर गेली आहे, आजच्या आज पाणी सोडून द्या, असे चौगुला सांगत होता. पाटीलही तेच सांगायला उठला होता.

त्या दिवसापासून निंबवण्यात हलगी वाजलेली नाही, लग्नातसुद्धा नाही. आठवण राहावी म्हणून खिंडार तसेच ठेवले आणि सावळ्याने ठेवली तशी पालथी हलगी चौथऱ्याच्या दगडात कोरली. आजही इथे समोरच्याचे म्हणणे, तो 'हो, हेच म्हणालो' म्हणेल असे सांगून दाखवल्याशिवाय कोणाला स्वतःचे बोलता येत नाही. नाही जमले तर खाली बसायचे, मग तो सरपंच का असेना. आणि आजही सभा सुरू होण्याआधी सगळा गाव खिंडाराकडे कान लावून गप्प बसतो. तळे कोरडे पडून पिढ्या गेल्या, तिकडून काही ऐकू येत नाही. तरी बसतात.