मोहरीएवढे डोळे

"मग डोळे मला कधी देणार, मेस्त्री?"

निनादनं तिसऱ्यांदा विचारलं. पोरगा चित्रकलेच्या कॉलेजातून पदक घेऊन आलेला. दोन वर्षं बाहुल्यांचे सदरे रंगवत होता, टोप्या रंगवत होता. डोळे मात्र बाबली मेस्त्री स्वतःच काढायचे.

मी समोर बसून लाकूड घासत होतो. अंगठ्याएवढी माणसं मी घडवायची, रंग मेस्त्रींनी द्यायचा, अशी आमची वाटणी. लोक फोटो आणून देत, तसा बाहुला करायचा.

मेस्त्री ब्रश पुसत राहिले.

"रागावू नका," निनाद म्हणाला, "पण हल्ली तुमच्या हातात कपबशी वाजते. माझा हात बघा. हलतोय का?"

"नाही हलत," मेस्त्री म्हणाले. "घे. आज तूच काढ."

त्या दिवशीचा बाहुला होता खाडीच्या तरीवरच्या दत्ताराम होडीवाल्याचा. चार महिन्यांपूर्वी गेला. त्याची लेक दुपारी न्यायला येणार होती.

निनादनं बाहुला लाकडी चिमट्यात आवळून पक्का बसवला. खालचा पाट हलवून पाहिला. श्वास रोखला. खारीच्या केसांचा ब्रश टेकवला...

काळं गालावर आलं.

पुसलं. पुन्हा टेकवला. आता एक डोळा मोठा झाला, दत्ताराम दचकल्यासारखा दिसू लागला.

तिसऱ्या वेळी निनादच्या कपाळावरचा घाम पाटावर पडला. गालाचा मूळ रंगही निघायला लागला होता. आणखी एकदा पुसलं असतं तर चेहराच गेला असता.

"मेस्त्री, ती बाई आता येईल हो..."

मेस्त्री उठले. चिमटा सैल करून बाहुला डाव्या हातात घेतला. हात थरथरत होता. उजव्या हातात ब्रश घेतला. तोही हात थरथरत होता. निनादनं मान फिरवली.

मग मेस्त्रींनी दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवली. नमस्काराला हात जोडतात तशी, तळवे मात्र सुटे. आणि थांबले...

आता बाहुला हलत होता, ब्रशही हलत होता. पण एकाच होडीत बसलेली दोन माणसं हलतात ना, तसं.

ब्रश टेकला. उठला. पुन्हा टेकला.

मोहरीएवढे दोन डोळे. प्रत्येकात पांढरा एकेक ठिपका, दुपारच्या खाडीवर ऊन चमकतं तसा. माझ्या हातातला घासायचा कागद तिथंच थांबला. चाळीस वर्षं बघतोय, तरी थांबतो.

लेक आली. पाटावर ठेवलेला बाहुला बघितला. आत यायला पाऊल उचललं होतं, ते मागे घेतलं. पायातल्या चपला काढल्या, मग आत आली.

"आबा..." एवढंच म्हणाली. ओंजळीत धरून घेऊन गेली.



"मेस्त्री," निनादनं हळूच विचारलं, "तुमचा हात थांबला कसा?"

"थांबला कुठं?"

त्यांनी हात वर धरला. थरथरतच होता.

"मग माझं काय चुकलं? माझा तर हलतच नव्हता."

मेस्त्रींनी रिकामा चिमटा उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

"हात सगळ्यांचाच हलतो. तू त्याला एकट्याला बांधून ठेवलंस, बाबा."