रिकामी परत करायची वाटी

शेवंतवाडी नावाच्या इवल्याशा गावात वैजयंती आणि तिची आई राहायच्या. घर म्हणजे एक खोली, एक पडवी आणि पडवीत आईचं शिलाई मशीन. आई बाळांची झबली-टोपडी शिवायची. गुलाबी, पोपटी, मोरपंखी, लिंबोणी चिंध्या दिवसभर मशीनभोवती भिरभिरायच्या आणि संध्याकाळी केरसुणीपुढे लोळत जायच्या. घर गरीब होतं, पण रंगांना तिथे तोटा नव्हता.

आता परीकथेतली मुलगी म्हटलं की ती सात-आठ वर्षांची, दोन वेण्या घातलेली असते. आमची वैजू तशी नव्हती. ती चांगली उंच होती. शहरात राहून शिकली होती, झाडापानांच्या अभ्यासात तिने पदवी मिळवली होती. नोकरी तेवढी मिळत नव्हती. एवढ्या मोठ्या मुलींना परी भेटत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्यांना पऱ्यांबद्दल फारसं ठाऊक नाही असं खुशाल समजा.

वैजू नोकरीसाठी तालुक्याला निघाली की आई मशीन थांबवायची आणि कनवटीचे पैसे काढून तिच्या हातावर ठेवायची. वैजूला फार वाईट वाटायचं. एवढी शिकलेली मी, आणि अजून आईच्या जिवावर जगते, असं तिच्या मनात यायचं. मग ती जेवताना अर्धीच भाकरी घ्यायची. “पोट भरलं गं,” म्हणायची. आई तिची उरलेली अर्धी भाकरी तशीच झाकून ठेवायची. हळूहळू वैजूने तालुक्याला जाणंही कमी केलं, कारण जायचं म्हणजे पैसे मागायला हवेत.

एका थंड, सोनेरी सकाळी वैजू टेकडीवरच्या जुन्या बागेत गेली. गवताच्या पात्यापात्यावर दवाचे थेंब लुकलुकत होते. तगरीची पांढरीशुभ्र फुलं नुकतीच उघडली होती. त्या तगरीच्या फांद्यांत एक कोळ्याचं जाळं होतं आणि जाळ्यात काहीतरी चमचमत, धडपडत होतं. वैजूने वाकून पाहिलं. करंगळीएवढी एक परी होती. अंगात अबोली झगा, पाठीवर निळेजांभळे पंख, आणि पंखांना चिकटलेले धागेच धागे.

“हलू नकोस हं,” वैजू हळूच म्हणाली. तिने गवताच्या काडीने एकेक धागा सोडवला. जाळं फाडलं असतं तर काम लगेच झालं असतं, पण कोळी कोपऱ्यात बसून बघत होता आणि ते त्याचं घर होतं. परी सुटली, जाळंही शाबूत राहिलं.

परीने पंख झटकले. चंदेरी भुगा उडाला. “तू त्याचं घर मोडलं नाहीस,” ती म्हणाली. “मला तू आवडलीस. बोल, काय देऊ?”

“नोकरी,” वैजू म्हणाली. तिला विचार करावा लागलाच नाही.

परीचा चेहरा पडला. “ते माझ्या हातात नाही गं. नोकऱ्या माणसं देतात. आम्ही त्यात लुडबुड केली की सगळाच घोटाळा होतो. पण ती मिळेपर्यंत तुझी सोय मी करू शकते.”

तिने टिचकी वाजवली. तगरीच्या बुंध्याशी चांदीची एक चिमुकली वाटी लखलखू लागली. तिच्यात मोहरीएवढे सोनेरी दाणे होते.

“रोज सकाळी ही इथे भरलेली असेल. दाणे तळहातावर घेतलेस की त्यांची नाणी होतील, गरजेपुरती. तिन्हीसांजेच्या आत वाटी इथे परत ठेवायची. आणि परत करताना ती रिकामी हवी. अगदी रिकामी. तिच्यात कुणी काही घातलं की तो व्यवहार होतो, आणि पऱ्या व्यवहार करत नाहीत. मग वाटी पुन्हा येणार नाही.”

“एवढंच ना?” वैजू हसली. परीही हसली आणि एका तगरीच्या फुलात शिरून दिसेनाशी झाली.

त्या दिवसापासून वैजूचे पाय जमिनीवर ठरेनात. ती एकटीच आनंदाने तालुक्याला जायची, अर्ज द्यायची, माणसांना भेटायची. एका मोठ्या रोपवाटिकेने तिला सोमवारी भेटायला बोलावलं. इवलाली रोपं ओळखणारं, त्यांची निगा राखणारं माणूस त्यांना हवं होतं. वैजूला वाटलं, हे काम जणू माझ्यासाठीच ठेवलंय.

आईला तिने सगळं सांगितलं होतं. आईला परीचं नवल वाटलं, पण त्याहून जास्त नवल वाटीचं वाटलं.

“रिकामीच परत करायची?” ती पुन्हा पुन्हा विचारायची. “अगं, काहीतरीच काय. कुणाची वाटी कुणी रिकामी परत करतं का?”

आणि खरंच, शेवंतवाडीत तसं कुणीच करत नसे. शेजारून भाजी आली, तर वाटी परत जाताना तिच्यात लोणच्याची फोड जायची. काहीच नसलं घरात, तर चिमूटभर साखर तरी जायचीच.

रविवारी वैजूला तालुक्याहून यायला उशीर झाला. सूर्य टेकडीला टेकला, तशी आईच वाटी घेऊन बागेत गेली. तगरीच्या बुंध्याशी तिने वाटी ठेवली. पण हात काही मागे येईना. रोज पोरीला देणारी ती कोण कुठली परी, आणि आपण तिच्यापुढे रिकामी वाटी ठेवायची? आईने पदराच्या गाठीत बांधून आणलेली चिमूटभर साखर वाटीत घातली, नमस्कार केला आणि ती घरी आली.

सोमवारी सकाळी तगरीखाली दव होतं, फुलं होती. वाटी नव्हती.

वैजू परत आली तेव्हा तिचा चेहरा पाहूनच आईने ओळखलं. “मीच साखर घातली,” ती म्हणाली आणि मशीनपाशी मटकन खाली बसली. “तुझ्या आजच्या कामाचा विचका केला मी.”

वैजूच्या डोळ्यांत पाणी आलं. ती रागावणारच होती. पण आईचे सुईने टोचलेले हात मांडीवर गुमान पडलेले तिने पाहिले आणि तिला एकदम वेगळंच काही सुचलं. ओळख ना पाळख, त्या परीची वाटी मी रोज मजेत घेत होते. तिथे मला लाज वाटली नाही. आणि जिने कधीच काही परत मागितलं नाही, तिच्याकडून भाकरी घेतानाही मी मान खाली घालते. असं कसं झालं माझं?

ती आईजवळ खाली बसली आणि तिने हात पुढे केला.

“आई, गाडीभाड्याला पैसे दे. मला तुझ्याकडूनच हवेत. आणि मी ते परत करायचं मनातही आणणार नाही.”

आई रडता रडता हसली. तिने कनवटीला हात घातला. “जा,” ती म्हणाली, “आणि येताना उपाशी येऊ नकोस.”

रोपवाटिकेच्या बाईंनी वैजूला रोपांच्या रांगेतून फिरवलं. वैजूने रोपं तर ओळखलीच, पण बोलता बोलता एक वाकडं झालेलं पपईचं रोप उचलून काडीचा आधार देऊन बांधलंही. ते ती सवयीनेच करून गेली. बाई म्हणाल्या, “उद्यापासून ये.”

संध्याकाळी मायलेकी दोघी बागेत गेल्या. आईला परीची माफी मागायची होती. तगरीजवळ पोचल्या तर पानापानांतून केशरी, गुलाबी उजेड झिरपत होता आणि परी वाटीच्या काठावर बसून बोटं चाटत होती.

“माझ्या हातून चूक झाली, बाई,” आई म्हणाली.

“झाली खरी,” परी म्हणाली. “पण साखर गोड होती. मला आजवर कुणी काही दिलंच नव्हतं. आता व्यवहार झालाच आहे, तर तुला माझ्याकडून काहीतरी घ्यावं लागेल. एकच माग.”

वैजूला वाटलं, आई नवं मशीन मागेल. पण आईने वैजूच्या खांद्यावर हात ठेवला.

“हिच्यासारखी शिकलेली लेकरं घरोघरी असतील,” ती म्हणाली. “काम मिळत नाही म्हणून आईबापाकडे मागायला लाजणारी. ही वाटी आता त्यांच्याकडे जाऊ दे. आणि त्यांच्यातल्या कुणाच्या आईने चिमूटभर साखर घातली, तर तेवढी चालवून घे.”

परीने वाटीत वाकून पाहिलं. पऱ्यांचे नियम फार जुने असतात. मग तिने वाटी छातीशी धरली आणि मान डोलावली. “चालवून घेईन,” ती म्हणाली. तिचे पंख उघडले, निळाजांभळा उजेड साऱ्या बागेवर सांडला, पानांना आणि फुलांना रंग चढले. डोळे दिपले तसे दोघींनी ते मिटले. उघडले तेव्हा परी नव्हती. दूर, टेकडीपलीकडच्या गावावर एक ठिपका लुकलुकत खाली उतरत होता.

“कुणाकडे गेली असेल गं?” वैजूने विचारलं.

“असेल कुणीतरी,” आई म्हणाली, “आज कमी जेवलेलं.”