दुहात्याची पकड

रेणू आपसात बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. कांद्याच्या मुळातल्या एका पेशीत डीएनएच्या दोन साखळ्या राहत होत्या, थोरली आणि धाकटी. वेणीसारखा पीळ घालून त्या सदा गुजगोष्टी करत.

एकदा पाण्याबरोबर एक विषारी रेणू पेशीत शिरला. त्याला दोन हात होते, म्हणून सगळे त्याला दुहात्या म्हणत. त्या दोघींना पाहून त्याचा जळफळाट झाला. "माझ्याजवळ कुणी क्षणभर थांबत नाही, आणि या कायम एकमेकींच्या गळ्यात!" तो मध्ये घुसला आणि एका हाताने थोरलीला, दुसऱ्याने धाकटीला घट्ट धरून बसला.

पुढे एका पेशीच्या दोन होण्याची वेळ आली. थोरली म्हणाली, "सोड रे आता. आम्हाला वेगळं व्हायचंय."

"वेगळं? तुम्ही?"

"दर वेळी होतो. प्रत्येकीने नवी जोडीदारीण घडवायची, तिच्यासोबत नव्या पेशीत जायचं. म्हणून तर मूळ वाढतं."

दुहात्या ओशाळला. त्याने जीव तोडून हात ओढले, पण एकदा बसलेली पकड त्यालाही सुटेना. वाट पाहून पाहून ती पेशी मेली. शेजारच्या पेशी दोनाच्या चार होत पुढे गेल्या. दुहात्याच्या दोन्ही हातांत एकेक साखळी होती, आणि दोघींपैकी एकही बोलत नव्हती.