बिनतक्रारीचा उमेदवार

आगगाडी नवी होती तेव्हाची गोष्ट. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, नदीकाठच्या जनावरांत गव्हर्नरची निवडणूक लागली. नदीच्या बांधाला चीर पडली होती. झाडं कुरतडून बांध घालणारा बीव्हर आपल्या पक्षाच्या सभेत उभा राहिला.

"मला उमेदवारी द्या. पूर यायच्या आत चीर बुजवतो."

"यानं माझ्या शेजारचं झाड पाडलं," खार म्हणाली.

"मला ऐतखाऊ म्हणाला," बदक म्हणालं.

"आहेसच तू!" बीव्हर म्हणाला. झालं, तिथंच त्याचं तिकीट कापलं गेलं.

पक्षानं कासवाला उभं केलं. ते सभाभर झोपलं होतं, त्यामुळे त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. दुसरा पक्ष जास्त हुशार. त्यानं काठावरचा ओंडका उभा केला. ओंडक्यानं तर जन्मात कोणाला दुखवलं नव्हतं. तो दणदणीत मताधिक्यानं निवडून आला.

पूर आला, बांध फुटला. सगळे जीव मुठीत धरून टेकडीवर पळाले. गव्हर्नरसाहेब त्यांच्यासमोरून तरंगत निघून गेले.

"बीव्हरदादा, आता तूच बांध रे बाबा," खार कुडकुडत म्हणाली.

"बांधतो. झाडं पाडावी लागतील."

"पाड की," खार म्हणाली. "माझं सोडून."