लावीची लाल शाल

एका माळरानावर, कुसळी गवताच्या आडोशाने, एक लावी राहत असे. अंगाने लहान, रंगाने तपकिरी, पाठीवर बारीक ठिपके. देवाने तिला माळाच्याच मातीत घडवले होते. मुलांनो, त्या रंगामुळेच शिक्र्यासारखा शिकारी पक्षी डोक्यावरून गेला तरी निश्चल बसलेली लावी त्याला दिसत नसे. पण तिला स्वतःला तो रंग मुळीच आवडत नसे.

मोराच्या घरी लग्न निघाले, तेव्हा ती विणकाम करणाऱ्या सुगरणीकडे शाल विणून घ्यायला गेली. सुगरणीची एक रीत होती. ती रंगीत धागा गिऱ्हाइकाच्या गळ्याशी धरी, चार पावले मागे जाई आणि आपली नजर आधी धाग्यावर पडते की मुखावर, हे पाही. पळसाच्या फुलांत रंगवलेला लाल धागा तिने लावीच्या गळ्याशी धरला आणि मान हलवली. "यात तुझे डोळे विझल्यासारखे दिसतात, बाई." मग तिने मधाच्या रंगाचा धागा धरला. "आता बघ, डोळे कसे उजळले."

लावी म्हणाली, "खंड्याला निळा, पोपटाला हिरवा, आणि मी तेवढा पाचोळा पांघरू? खंड्याची बायको परवा लालच पांघरून बसली होती. मलाही तोच हवा, वर मोठे पांढरे ठिपके घालून."

"तिच्या अंगावर पाहिलास, स्वतःच्या अंगावर नाही. आणि ठिपके तर तुझ्या पाठीवर आहेतच. त्यांवर आणखी ठिपके घातले, तर एकही धड दिसायचा नाही."

"विणणार आहेस की शिकवणार आहेस?"

"विणते. पांघरणारी तू."

लग्नात साळुंकी लांबूनच म्हणाली, "शाल मोठी देखणी हो." पोपटही तेच म्हणाला. कित्येकांनी शालीला हात लावून पाहिला. लावीची विचारपूस मात्र कोणीच केली नाही. ती हिरमुसून परत निघाली. माळावर येते तोच आकाशात शिक्रा दिसला. सवयीप्रमाणे ती गवतात निश्चल बसली. आज मात्र शिक्रा सरळ तिच्याच रोखाने खाली येऊ लागला. लाल रंग त्याला कोसभरावरून दिसला होता. लावीने देवाचे नाव घेतले, शालीतून अंग सोडवले आणि दोन हातांवर जाऊन मातीला चिकटून बसली. शिक्र्याची नखे शालीत रुतली. "वस्त्र तर हे आहे," तो चहूकडे पाहत म्हणाला, "पांघरणारी कुठे आहे?" ती त्याच्या समोरच होती. त्याला ती दिसली नाही. शाल घेऊन तो उडून गेला.

दुसऱ्या दिवशी लावी सुगरणीच्या दारी गेली. मधाच्या रंगाची, बिनठिपक्यांची शाल सुगरणीने आधीच विणून ठेवली होती. पुढे मोराच्या घरी बारसे झाले, तेव्हा लावी ती पांघरून गेली. साळुंकी तिला पाहून थबकली आणि म्हणाली, "अगं, तुझे डोळे इतके सुंदर आहेत, हे आम्हांला ठाऊकच नव्हते." शालीविषयी ती काही बोलली नाही.

तात्पर्य : देवाने दिलेल्या वर्णाला साजेल तेच वस्त्र ल्यावे; जे वस्त्र स्वतःच मिरवते, ते ल्यालेल्याला झाकून टाकते.